योआखिमस्टालचा टालर : एका लहान सरदारकीचे चांदीचे नाणे

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात नाण्याच्या वाट्याला बहुधा एकच ओळ येते : अमक्या राजाने अमक्या साली अमक्या धातूचे नाणे पाडले. विद्यार्थी ती पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. वस्तुतः नाणे हा धातूवर लिहिलेला दस्तऐवज होय आणि दस्तऐवज वाचताना जे प्रश्न आपण विचारतो तेच नाण्यालाही विचारावे लागतात. ते कोणाच्या अधिकाराने पाडले गेले? धातू कोठून आला? तो जमिनीतून कोणी काढला? नाणे तयार झाल्यावर कोणाच्या पदरात किती पडले? हे प्रश्न आपल्या स्मरणिकेच्या वाचकांसमोर मांडण्यासाठी मी मुद्दाम दूरच्या देशातील, पाचशे वर्षांपूर्वीचे एक चांदीचे नाणे निवडले आहे. बोहेमियाच्या (आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या) डोंगराळ सीमेवरील एका लहान सरदार घराण्याने ते पाडले. त्याच्या नावाचे बदललेले रूप आज आपल्या खेड्यातील शाळकरी मूलही जाणते.

प्रथम नाणे वाचू. व्यास सुमारे चार सेंटीमीटर, वजन सुमारे २९ ग्रॅम. आपल्याकडील जुना चांदीचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, तेव्हा हे नाणे अडीच रुपयांच्या वजनाचे झाले. एका बाजूस लांब झगा घातलेला, दाढी असलेला एक वृद्ध उभा आहे. तो संत योआखिम, ख्रिस्ती परंपरेनुसार मेरीचा पिता आणि येशूचा आजोबा. त्याच्या पायाशी ढाल आहे. तीवरील चिन्ह श्लिक घराण्याचे. कडेने लॅटिन अक्षरे फिरली आहेत. शब्द तोडून लिहिले आहेत, पण पूर्ण केल्यास त्यांचा अर्थ लागतो : ‘श्लिक सरदारांचे, म्हणजे बास्सानोचे काउंट स्टेफान व त्यांचे बंधू यांचे, कुलचिन्ह’. दुसऱ्या बाजूस मुकुटधारी, दोन शेपट्यांचा सिंह आहे. तो बोहेमियाच्या राज्याचा. त्याभोवती ‘लुई पहिला, ईश्वरकृपेने बोहेमियाचा राजा’ असा मजकूर आहे.

म्हणजे एका नाण्यावर तीन सत्तांनी जागा घेतली : धर्माची, जमीनदाराची आणि राजाची. कोणती कोणत्या बाजूस आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. संत आणि सरदार एका बाजूस एकत्र; राजा मागच्या बाजूस एकटा. राजाच्या नावाशिवाय नाणे चालले नसते, म्हणून त्याचे नाव आहे. परंतु नाणे आमचे, हे श्लिक बंधूंना सांगावयाचे होते आणि त्यांनी ते ठसठशीत सांगितले.

हे श्लिक कोण? त्यांचे घराणे मूळचे एगर या व्यापारी शहरातील. पंधराव्या शतकात कास्पार श्लिक हा हुशार माणूस सम्राट सिगिस्मुंडच्या दफ्तरात लेखनिक म्हणून शिरला आणि चढत चढत साम्राज्याचा चॅन्सेलर झाला. घराण्याला जहागिरी मिळाल्या, काउंटपद मिळाले. जन्माने मोठे नसलेले घराणे लेखणीच्या बळावर वर आले, ही गोष्ट कौतुकाची खरी. मात्र वर आल्यानंतर त्यांनी इतर सरदारांप्रमाणेच जमीन आणि माणसे यांवर आपला हक्क सांगितला, हेही त्याच इतिहासात आहे.

त्यांच्या जहागिरीत, सॅक्सनीच्या सीमेला लागून असलेल्या डोंगररांगेत, एक अरुंद दरी होती. त्या डोंगरांचे नावच ‘खनिजांचे डोंगर’ असे आहे. पलीकडे सॅक्सनीत चांदी आधीच सापडली होती आणि तेथे संत ॲनाच्या नावाने आनाबेर्ग हे शहर वसले होते. ॲना ही योआखिमची पत्नी. १५१६ च्या सुमारास श्लिकांच्या दरीत चांदीचे समृद्ध शिरे लागले, तेव्हा पतीचे नाव या बाजूच्या वस्तीला देण्यात आले. जर्मन भाषेत ‘टाल’ म्हणजे दरी. योआखिमस्टाल म्हणजे योआखिमची दरी. चेक भाषेत त्याच गावाला याखिमोव्ह म्हणतात. ज्या जागी पूर्वी एक ओस पडलेले खेडे होते तेथे सॅक्सनीतून आणि इतर जर्मन प्रदेशांतून खाणकामगारांचे लोंढे आले. १५३० च्या दशकात लोकसंख्या सुमारे १८,००० पर्यंत गेली. बोहेमियात प्रागखालोखाल मोठे शहर हेच होते.

खाणीची मालकी कशी होती, हे समजल्याशिवाय नाण्याचा हिशेब लागत नाही. एका खाणीचे १२८ भाग पाडण्याची रीत होती. एका भागाला ‘कुक्स’ म्हणत. हे भाग लाइपझिग, न्यूरेंबर्ग अशा दूरच्या शहरांतील धनिक विकत घेत. नफा झाला तर वाटणी मिळे. खाण तोट्यात गेली तर उलट वर्गणी भरावी लागे. आजच्या शेअरबाजाराची ओळख असलेल्या वाचकांना ही रचना परकी वाटणार नाही. श्लिकांनी १५१८ मध्ये आपल्या दरीसाठी खाणकामाचे नियम लागू केले. ते शेजारच्या आनाबेर्गच्या नियमांवर बेतलेले होते. भूस्वामी या नात्याने त्यांना उत्पन्नातील ठरावीक भाग मिळे. पण खरा लाभ वेगळ्याच ठिकाणी होता. भागधारकांनी आपली चांदी बाजारात हवी तशी विकावयाची नाही, ती ठरवून दिलेल्या दराने मालकालाच विकावयाची, असे बंधन असे. हा दर चांदीच्या बाजारभावापेक्षा कमी असे. अशा स्वस्तात घेतलेल्या चांदीचे स्वतःच नाणे पाडता आले, तर दोन्हींमधील फरक घरातच राहतो. म्हणूनच श्लिकांना टांकसाळ हवी होती.

जानेवारी १५२० मध्ये बोहेमियाच्या सभेने त्यांना नाणी पाडण्याची परवानगी दिली. राजा लुई तेव्हा अवघा तेरा वर्षांचा होता. दुबळ्या राजसत्तेच्या काळात सरदार आपले हक्क वाढवून घेतात, हा नियम आपल्या इतिहासातही अनेकदा दिसतो. मोठ्या चांदीच्या नाण्याची कल्पना मात्र श्लिकांची नव्हे. टायरॉलच्या आर्चड्यूक सिगिस्मुंडने १४८६ मध्ये, एका सोन्याच्या गुल्डनच्या किमतीइतकी चांदी असलेले जड नाणे पाडले होते आणि १५०० पासून सॅक्सनीनेही तसे नाणे काढले होते. टायरॉलचे ते पहिले नाणे मुख्यतः प्रतिष्ठेसाठी होते. योआखिमस्टालने ते लाखोंच्या संख्येने पाडले आणि बाजारात ओतले. नवी कल्पना आणि तिचा प्रसार यांत नेहमीच अंतर असते. पाठ्यपुस्तके बहुधा एकालाच सगळे श्रेय देऊन मोकळी होतात.

आता टांकसाळीत शिरू. त्या काळी यंत्राने नाणी पाडण्याची पद्धत तेथे आलेली नव्हती. सर्व काम हाताचे आणि हातोड्याचे. खाणीतून आलेला दगड फोडून, भाजून, धुऊन, शिशाबरोबर वितळवीत. मग ते शिसे राखेच्या मुशीत तापवीत. शिसे आणि हीण राखेत मुरून जाई व चांदीचा गोळा शिल्लक राही. पारखी तिचा कस पाही. हव्या त्या प्रमाणात तांबे मिसळून चांदीच्या पट्ट्या ओतीत आणि ऐरणीवर ठोकून त्यांची जाडी सारखी करीत. कात्रीने चकत्या कापीत, एकेक चकती तराजूत टाकीत. जड भरली तर कडा कापावयाची, हलकी भरली तर परत मुशीत. ठोकून ठोकून चांदी कडक होते, म्हणून तिला पुन्हा तापवून मऊ करीत आणि मग मीठ व द्राक्षाच्या मद्याच्या पिंपात साचणारा आंबट क्षार यांच्या पाण्यात उकळून पांढरी करीत.

शेवटची पायरी ठशाची. पोलादाचे दोन ठसे असत. खालचा जाड लाकडी ओंडक्यात पक्का बसविलेला, वरचा कारागिराच्या हातात. मध्ये चकती. वरून घणाचा घाव. दिडकीएवढ्या नाण्याला एक हलका घाव पुरतो. परंतु चार सेंटीमीटरच्या चकतीवर संताच्या झग्याच्या चुण्या आणि सिंहाची आयाळ उमटवायची, तर घाव जबर हवा आणि नेमका मध्यावर हवा. हात जरा हलला की अक्षरे दुहेरी उठतात. घाव तिरपा पडला की एका बाजूचा मजकूर पुसट राहतो. म्हणूनच हातोड्याच्या काळातील कोणतीही दोन नाणी हुबेहूब सारखी नसतात. आपल्याकडील तांब्याची शिवराई ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच पटेल. तीवरील ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही अक्षरे क्वचितच पूर्ण सापडतात, कारण ठसा मोठा आणि चकती लहान असे. टालरची चकती मात्र ठशाएवढी रुंद ठेवीत. सरदाराचे पूर्ण नाव उमटणे आवश्यक होते.

वरचा ठसा सर्व घाव सोसतो, म्हणून तो आधी तडकतो. तो फुटला की ठसे कोरणारा दुसरा बनवी. संताचा चेहरा, सिंहाची शेपटी, अक्षरांची वळणे दर नव्या ठशागणिक किंचित बदलत. अभ्यासक आज याच बारीक फरकांवरून नाण्यांचा क्रम लावतात. रुळांच्या आणि दाबयंत्रांच्या साहाय्याने नाणी पाडण्याची पद्धत मध्य युरोपात सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली. इंग्लंडने तर हातोड्याची नाणी १६६२ पर्यंत सोडली नव्हती.

अशा या नाण्याला सीमेबाहेर कोण विचारणार, असे कोणालाही वाटेल. श्लिक कोण, हे आंटवेर्पच्या व्यापाऱ्याला माहीत असण्याचे कारण नव्हते. पण त्याच्याजवळ तराजू होता आणि कसोटीचा दगड होता. वजन भरले, कस उतरला, तर पुढच्या खेपेस तो नाणे न तोलता घेई. योआखिमस्टालच्या नाण्याने ही परीक्षा वारंवार दिली. आपण ‘खणखणीत नाणे’ म्हणतो, ते याच अर्थाने. लोक त्याला ‘योआखिमस्टालर’ म्हणू लागले, पुढे नुसते ‘टालर’. दरीवाला, एवढाच त्याचा अर्थ. आसपासच्या राजांनी आणि शहरांनी त्याच मापाची नाणी काढली, तेव्हा त्यांनाही हेच नाव मिळाले. १५६६ मध्ये आउग्सबुर्ग येथे साम्राज्याने टालरला अधिकृत मान्यता दिली : कोलोनच्या मापाच्या एका मार्क, म्हणजे सुमारे २३४ ग्रॅम, शुद्ध चांदीतून ९ टालर पाडावेत. नेदरलँड्समध्ये शब्दाचे ‘डाल्डर’ झाले आणि इंग्रजीत ‘डॉलर’. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मध्येही डॉलरचा उल्लेख आहे, नाटकातील कथेच्या काळी हे नाणे जन्मलेच नव्हते, पण प्रेक्षकांना ते ओळखीचे होते. अमेरिकेने १७९२ च्या कायद्याने आपल्या नाण्याला डॉलर म्हटले तेव्हा वजनाचा नमुना स्पॅनिश नाण्याचा घेतला. नाव मात्र बोहेमियाच्या दरीचेच राहिले.

या शब्दाच्या प्रवासाचा एक टप्पा आपल्या मुंबईत आहे. ऑस्ट्रियाच्या राणी मारिया तेरेसाचा टालर अरबस्तान आणि इथिओपियात इतका विश्वासाचा झाला, की १७८० मध्ये राणी वारल्यानंतरही त्यावर तेच साल ठेवून तो पाडला जात राहिला. तेथील लोक दुसरे नाणे घ्यावयास तयार नसत. दुसऱ्या महायुद्धात इथिओपियाच्या मोहिमेसाठी इंग्रजांना या नाण्यांची गरज पडली, तेव्हा १९४० व १९४१ मध्ये मुंबईच्या टांकसाळीने ती पाडली. १७८० सालची, एका परक्या, मृत राणीची नाणी विसाव्या शतकातील मुंबईच्या कामगारांनी तयार केली!

नाण्याला मान्यता मिळाली, तसा ते पाडण्याचा हक्क मौल्यवान झाला आणि तोच श्लिकांच्या हातून गेला. त्याआधी आणखी एक घटना घडली. जर्मन प्रदेशांत १५२५ मध्ये शेतकऱ्यांचा मोठा उठाव झाला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात योआखिमस्टालचे खाणकामगारही उठले. मजुरी, अधिकाऱ्यांचा जाच, जंगलातील लाकूड व शिकार यांवरील बंधने अशा त्या काळच्या तक्रारी सर्वत्र सारख्याच होत्या. अन्यत्र शेतकऱ्यांची कत्तल झाली. येथे मात्र काही मागण्या मान्य करून तडजोड करावी लागली. शेतकरी कापून काढला तरी दुसरा शेत कसतो, असे सरदारांना वाटे. पण शिरेचा माग काढणारा, पाण्याने भरणारी खाण कोरडी ठेवणारा कुशल कामगार सहज मिळत नव्हता आणि तो निघून शेजारच्या राज्यात जाऊ शकत होता. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो. कौशल्य आणि निघून जाण्याची मोकळीक या दोन गोष्टी कामगाराजवळ होत्या, म्हणून त्याच्याशी बोलणी झाली.

पुढील वर्षी, २९ ऑगस्ट १५२६ रोजी, मोहाचच्या रणांगणावर तुर्कांशी लढताना राजा लुई मारला गेला. स्टेफान श्लिकही त्याच लढाईत गेला. नाण्याच्या दोन बाजूंवरील दोन नावे एका दिवशी संपली. बोहेमियाचे सिंहासन हाब्सबुर्ग घराण्यातील फर्डिनांडकडे आले. नवा राजा खंबीर होता; नाणे पाडणे हा राजाचा अधिकार आहे, हे त्याने १५२८ मध्ये श्लिकांची टांकसाळ ताब्यात घेऊन सिद्ध केले. १५४५ मध्ये खाणीही गेल्या. जेमतेम आठ वर्षांच्या टांकसाळीने जगाला एक शब्द दिला आणि ज्यांची ती टांकसाळ, त्यांचे नाव आज केवळ नाण्यांचे संग्राहक घेतात.

श्लिकांचे नाणे कसाला उतरत होते, याचे मुख्य कारण त्यांच्या पायाखाली चांदी होती, हे आहे. ज्या लहान सरदारांकडे टांकसाळ होती पण खाण नव्हती त्यांचा मार्ग बहुधा वेगळा असे. उत्तर इटलीत असे अनेक चिमुकले स्वामी होते. चांदीत तांबे वाढवावयाचे, शेजारच्या प्रतिष्ठित राज्याच्या नाण्यासारखे दिसणारे हलके नाणे पाडावयाचे आणि घडणावळ खिशात घालावयाची, हा त्यांच्यापैकी कित्येकांचा धंदा झाला. कोर्रेज्जोचा स्वामी सिरो याच्यावर खोट्या नाण्यांच्या प्रकरणी सम्राटाने खटला चालविला, जबर दंड ठोठावला. तो भरता आला नाही आणि अखेर १६३५ मध्ये ते संस्थान मोडेनाच्या ड्यूककडे गेले. जर्मनीत १६१९ ते १६२३ या काळात ही विकृती सार्वत्रिक झाली. लहानमोठ्या सत्ताधीशांनी जागोजाग टांकसाळी उघडल्या, सुट्या नाण्यांतील चांदी जवळजवळ नाहीशी झाली आणि जुना अस्सल टालर लोकांनी घरात दडवून ठेवला.

त्यात कोण भरडले गेले? जमिनीचा मालक धान्य वाढत्या भावाने विकू शकत होता. कर्जदाराला तर स्वस्त नाण्यात कर्ज फेडता आले. ज्यांचे उत्पन्न ठरलेल्या नाण्यांत बांधलेले होते ते मात्र बुडाले : मजूर, घरगडी, पाद्री आणि शाळामास्तर. (आपल्या व्यवसायाचा उल्लेख इतिहासात क्वचित येतो, आला तो असा.) शहरांत दंगे झाले. वाईट नाणे चांगल्या नाण्याला हुसकावते, हे खगोलशास्त्रज्ञ कोपर्निकसने शंभर वर्षांपूर्वीच प्रशियाच्या संदर्भात मांडले होते. त्याने १५२२ मध्ये तेथील सभेपुढे नाण्यांविषयीचे आपले निवेदन ठेवले आणि १५२६ च्या सुमारास ते विस्ताराने लिहिले. ग्रेशमचा सिद्धांत म्हणून आपण महाविद्यालयात जो शिकतो तो हाच.

येथे आपल्या परिचयाचा एक ग्रंथ आठवणे अपरिहार्य आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध १९२३ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. १८३५ च्या कायद्याने १८० ग्रेन वजनाचा, १६५ ग्रेन शुद्ध चांदीचा एकसारखा रुपया कसा आला, १८९३ मध्ये लोकांनी आणलेल्या चांदीचे रुपये पाडून देणे सरकारने का बंद केले आणि त्यानंतर चलनाची सूत्रे सरकारच्या मर्जीवर कशी गेली, याची चिकित्सा त्यात आहे. नाणे कोणत्या धातूचे असावे, एवढाच त्यांचा प्रश्न नव्हता. चलनाचे मोल उतरते तेव्हा लाभ कोणाचा आणि हानी कोणाची, हे त्यांनी विचारले. रुपया स्वस्त झाल्याने जो फायदा दिसतो तो बाहेरच्या देशाकडून येत नाही. देशातीलच मजुरी करणाऱ्या वर्गाच्या खिशातून मालकवर्गाच्या खिशात जातो, असे त्यांचे प्रतिपादन होते. १६२० च्या दशकातील जर्मन मजुराला हे कोणी समजावून सांगण्याची गरज पडली नसती. नाणी पाडणाऱ्याच्या हाती अमर्याद मुभा ठेवू नये, हा बाबासाहेबांचा आग्रह कोणत्या अनुभवांतून येतो, हे योआखिमस्टाल आणि कोर्रेज्जो शेजारी ठेवून पाहिले की नीट कळते.

आता पुन्हा दरीकडे, कारण ज्यांचे नाव नाण्यावर नाही त्यांच्याविषयी अजून बोलणे राहिले आहे. सुदैवाने त्यांना जवळून पाहणारा एक साक्षीदार मिळाला. गेओर्ग बाउअर हा १५२७ मध्ये योआखिमस्टालचा नगरवैद्य म्हणून आला. लॅटिनमध्ये तो स्वतःला अग्रिकोला म्हणवी; दोन्ही नावांचा अर्थ शेतकरी. रुग्ण तपासून झाले की तो खाणीत आणि भट्ट्यांवर जाई, कामगारांशी बोले. त्यातून त्याचा ‘दे रे मेटालिका’ हा ग्रंथ सिद्ध झाला. तो १५५६ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर वर्षभराने, बाझेल येथे छापला गेला. शिर शोधण्यापासून चांदी शुद्ध करण्यापर्यंतची प्रत्येक क्रिया त्यात चित्रांसह आहे. त्या चित्रांत संत नाहीत, सरदार नाहीत. रहाट फिरवणारे, टोपल्या ओढणारे, दगड निवडणारे लोक आहेत. विद्वानाने कारागिराच्या हातातील ज्ञान त्याला विचारून, समजून लिहून ठेवावे, हे आपल्या परंपरेत फारसे घडले नाही. ज्यांच्या हाती ज्ञान होते त्यांच्या हाती लेखणी जाऊ दिली नाही, आणि लेखणीवाल्यांना त्या हातांचा विटाळ होत असे. (या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १९१२ मध्ये हर्बर्ट हूव्हर व त्यांच्या पत्नी लू हेन्री हूव्हर यांनी केले. हेच हूव्हर पुढे डॉलरच्या देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले.)

अग्रिकोलाने खाणकामगारांच्या आजारांवरही लिहिले आहे. कोरड्या खाणीतील धूळ श्वासावाटे फुप्फुसात जाऊन त्यांना कुरतडते, असे तो म्हणतो आणि तोंडावर सैल जाळीदार कापड बांधण्याचा सल्ला देतो. कार्पेथियन डोंगरातील खाणींच्या भागात सात सात नवरे या रोगाने गेलेल्या स्त्रिया आढळतात, ही नोंदही त्याचीच. एका स्त्रीने सात वेळा संसार मांडावा आणि सातही वेळा तोच खोकला घरात यावा!

कामगारांच्या या शहराने शिक्षणावर मात्र मनापासून खर्च केला. तेथील लॅटिन शाळेचे प्रमुखपद १५३२ मध्ये योहानेस माथेसिउस याच्याकडे आले. तो पुढे तेथलाच धर्मोपदेशक झाला आणि खाणकामाचे दाखले देऊन प्रवचने करू लागला, कारण समोर बसलेल्यांना तीच भाषा कळत होती. त्या शाळेचा ग्रंथसंग्रह काळाच्या तडाख्यातून बराचसा वाचला आहे. मुलींसाठीही तेथे शाळा होती. निकोलाउस हेर्मान या गायनशिक्षकाने मुलांसाठी आणि त्या शाळेतील मुलींसाठी गीते रचली आणि १५६० मध्ये ती छापली. खाणकामगारांच्या वस्तीत, सोळाव्या शतकात, मुलींची शाळा. ही नोंद वाचताना आपल्या वाचकांना पुण्याचे १८४८ साल आठवल्याशिवाय राहणार नाही.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात वरच्या थरांतील चांदी संपत आली, अमेरिकेतील स्वस्त चांदी युरोपात आली आणि दरी ओस पडू लागली. चांदीच्या शिरांजवळ एक काळा, जड, निरुपयोगी दगड लागे. पुढे त्याच दगडाच्या उरलेल्या गाळावर काम करून मारी व पिएर क्युरी यांनी १८९८ मध्ये पोलोनियम आणि रेडियम शोधले. या दगडात युरेनियम असते आणि त्यातून रेडॉन नावाचा किरणोत्सारी वायू सुटतो. त्या डोंगरांतील खाणकामगारांना पिढ्यान्‌पिढ्या ग्रासणाऱ्या फुप्फुसाच्या रोगांत धुळीबरोबर या वायूचाही हात होता, हे विसाव्या शतकात उलगडले. दुसऱ्या महायुद्धानंतर साम्यवादी राजवटीने युरेनियमसाठी येथे छावण्या उभारल्या आणि १९४९ पासून सुमारे बारा वर्षे राजकीय कैद्यांना खाली उतरवले. मोकळेपणाने निघून जाण्याची जी मुभा १५२५ च्या कामगाराजवळ होती ती या कैद्यांजवळ नव्हती.

राजाच्या टांकसाळीच्या इमारतीत आज संग्रहालय आहे. २०१९ मध्ये हा सारा खाणप्रदेश जागतिक वारसा म्हणून नोंदला गेला. १५१८ मध्ये खोदावयास घेतलेली स्वोर्नोस्त ही खाण अजून चालू आहे. तिच्यातून आता चांदीऐवजी रेडॉनचे पाणी वर येते आणि सांधेदुखीचे रुग्ण उपचार म्हणून त्यात बसतात.